पावसात निघताय? आधी हात झाका

अक्षय तृतीयेला भेंडवळला घट मांडले जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत निघतं. तासाभरात ते नांदुऱ्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर येऊन पोचतं. पाऊस जूनमध्ये कसा, जुलैत कसा, अवकाळी आहे की नाही. मग जो तो आपापला हिशेब मांडतो. कपाशी किती, सोयाबीन किती, तुरीचे तास किती. त्या हिशेबात आपल्या हातांचा विचार मात्र कोणी करत नाही. पाऊस कमी सांगितलेला असो की जास्त, गाडीवर बसणाऱ्याच्या हातावर तो पडतोच.

मी नांदुऱ्याहून अपडाऊन करणारा माणूस आहे. माझ्यासारखे तुम्हीही शेकड्यांनी आहात. कोणी खामगावला बँकेत जातं, कोणी मलकापूरला दुकानात, कोणी येरळीचा पूल ओलांडून जळगाव जामोदकडच्या शाळेत. पहाटे दुधाच्या कॅन बांधून निघणारे आहेत, पेपर टाकणारी पोरं आहेत, स्कूटीवर गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आहेत. या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. रेनकोट घेता तसे हातमोजे घ्या आणि पावसात उघड्या हातानं गाडी चालवणं सोडा. हौस म्हणून सांगत नाही. पुढचा ब्रेक तुमच्या उजव्या हाताच्या बोटांत आहे, म्हणून सांगतोय.

माझ्यावर आलेली वेळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते आणि अवकाळी लागला होता. बुलडाण्याला कामासाठी सकाळी निघालो. अंगात रेनकोट, डोक्यात हेल्मेट, पायात बूट, हात मात्र उघडे. मोताळ्यापर्यंत काही वाटलं नाही. राजूरचा घाट लागला तशी बोटांना कळ लागली, नंतर मुंग्या आल्या आणि मग काहीच कळेनासं झालं. कळ थांबली म्हणून मला उलट बरंच वाटलं. तेवढ्यात एका वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. ब्रेक दाबायचं मनात आलं, पण बोटं वळेनात. ती लाकडी खुंटीसारखी ताठ झाली होती. शेवटी पाय ब्रेकवर गेला, मागचं चाक घसरलं आणि मी बाजूच्या गवतात जाऊन पडलो. बकऱ्या वाचल्या, मीही वाचलो. चूक रस्त्याची नव्हती, बकऱ्यांची नव्हती, बकऱ्या राखणाऱ्याची तर मुळीच नव्हती. ती माझीच होती.

नंतर हिशेब केला. ताशी 50 किलोमीटरच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर जाते. बोटं वळायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर 7 मीटर गेले. 7 मीटर म्हणजे दुपदरी डांबरी रस्त्याची या कडेपासून त्या कडेपर्यंतची रुंदी. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आधीच जास्त अंतर लागतं. त्यात हे 7 मीटर आपण आपल्या हातानं वाढवून ठेवतो.

आपल्याकडे थंडी कुठली, असं म्हणू नका

हा प्रश्न हमखास येतो. आपण घाटाखालचे. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणारी माणसं. आपल्याला पावसाचा कसला गारठा?

खरं आहे, श्रावणातल्या सरीत कोणाची बोटं गोठत नाहीत. पण पावसाचे प्रकार वेगळे असतात. झड लागली, दोन दोन दिवस सूर्य दिसला नाही, तर पाऊण तासाच्या प्रवासात बोटं आखडतात, पांढरी सुरकुतलेली होतात आणि मुठीवरची पकड सैल पडते. हायवेवर ट्रकच्या चाकांतून उडणारं पाणी तर समोरून चाबकासारखं बोटांच्या पेरांवर बसतं. दिवाळीनंतरचा अवकाळी त्याहून वाईट. 2023च्या नोव्हेंबरअखेरीस विदर्भात गारपीट होऊन पाऊस आला, तेव्हा दूधवाल्यांचे हात कसे झाले होते ते त्यांनाच विचारा. आणि घाटावर जायचं असेल तर आणखी भर. बुलडाणा आपल्यापेक्षा साडेतीनशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. तेवढ्या चढात हवा दोनेक अंशांनी थंड होते. खाली बरा वाटणारा पाऊस वर गेल्यावर बोचतो, तो यामुळे.

गारठ्याचं कारण आपल्याला कूलरनं कधीच शिकवलेलं आहे. ओल्या ताटीतून वारा आला की गार होतो, कारण पाणी सुकताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी सुकायला सुमारे 580 कॅलरी लागतात. गाडीवर ओला हात म्हणजे ताटी, आणि गाडीचा वेग म्हणजे पंखा. फरक एवढाच की इथं गार होते ती खोली नव्हे, तुमची बोटं. कोणी म्हणेल, पावसाळ्यात तर कूलर चालत नाही. बरोबर, दमट हवेत पाणी कमी सुकतं. पण हाताची कातडी हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे तिच्यावरून थोडं पाणी सुकतच राहतं. शिवाय पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त वेगानं उष्णता ओढून नेतं आणि प्रत्येक नवा थेंब नव्यानं ओढतो. सर थांबून वारा सुटला की कूलर पुन्हा सुरू होतो. पाऊस थांबल्यावर हात जास्त गारठतात, असा अनुभव अनेकांना असेल. तो खोटा नाही.

कातडीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई झपाट्यानं कमी होते. आधी बारीक काम जमत नाही, मग जोर लागत नाही, मग स्पर्श कळत नाही. इंडिकेटरचं बटण चुकतं, हॉर्नऐवजी डिपर दाबला जातो, क्लच एकदम सुटतो. गाडी तीच असते, रस्ता रोजचाच असतो, बिघाड फक्त हातात असतो.

हातासाठी आधी छाती झाका

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून आधी सांगतो. शरीराला थंडी वाजू लागली की ते पहिल्यांदा काळीज, फुप्फुसं आणि डोकं सांभाळतं. त्यासाठी हातापायाच्या टोकांकडचं रक्त कमी करतं. म्हणून कितीही महागाचे मोजे घातले आणि छाती उघडी टाकली, तर हात गारच राहतात.

रेनकोटच्या आत एक स्वेटर किंवा जाड बनियन घाला. गळ्याभोवती रुमाल गुंडाळा, कारण गळ्यातून आत शिरलेला वारा थेट छातीवर जातो. काहीच नसेल तर कालचा पेपर शर्टाच्या आत छातीवर पसरा. घाट उतरणारे सायकलपटू फार पूर्वीपासून हेच करत आले आहेत. पेपर वारा अडवतो, आणि भिजला तर फेकून देता येतो.

कोणते मोजे घ्यायचे

सुती मोजे पावसात घालू नका. कोरड्या हवेत ते ठीक, पण सूत पाणी पितं, धरून ठेवतं आणि मग कूलरच्या ताटीचंच काम करतं. ओल्या सुती मोज्यापेक्षा उघडा हात बरा, असं म्हणायची पाळी येते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. म्हणून आतून लोकरीचा पातळ मोजा आणि बाहेरून पाणी अडवणारा रबरी मोजा, ही जोडी आपल्या खिशाला आणि हवामानाला सगळ्यात बरी.

बाहेरचा रबरी मोजा म्हणजे भांडी घासताना वापरतात तो. किराणा दुकानातही मिळतो. तळहाताकडून खरखरीत असलेला निवडा, गुळगुळीत मोजा मुठीवर घसरतो. एक नंबर मोठा घ्या. आतल्या मोज्यासकट तो घट्ट बसला, तर बोटांतलं रक्त अडतं आणि ऊब देण्याऐवजी तोच बोटं गार करतो. मोठं मनगट असलेला मिळाला तर उत्तम.

गाडीवाल्यांसाठी वॉटरप्रूफ म्हणून विकले जाणारे मोजेही आता सगळीकडे मिळतात. चांगले असतात, पण त्यांची एक खोड समजून घ्या. बऱ्याच मोज्यांत पाणी अडवणारा पातळ पडदा आतल्या बाजूला असतो. बाहेरचं कापड भिजून जड होतं, हात कोरडा राहतो, पण ते ओलं कापड वाऱ्यानं गार पडत जातं. अशा महाग मोज्यावरही मोठा रबरी मोजा चढवला, तर त्याचं आयुष्य आणि तुमची ऊब दोन्ही वाढतात.

रबरी मोज्यात घाम येतो. लांब जायचं असेल तर आतल्या पातळ मोज्यांची दुसरी जोडी पन्नीत बांधून डिक्कीत ठेवा आणि अर्ध्या वाटेत बदला. परतीच्या प्रवासाला कोरडी जोडी हाताशी असणं, हे निम्मं काम आहे. सकाळचे ओले मोजे संध्याकाळी पुन्हा चढवायचं जिवावर येतं, आणि मग माणूस म्हणतो, जाऊ दे, आज तसंच जातो. अपघात त्याच दिवशी होतो असं मी म्हणत नाही, पण सवय त्याच दिवशी मोडते.

फवारणीचे मोजे गाडीवर घालू नका

हे वेगळं सांगायलाच पाहिजे. जुलै ते सप्टेंबर हा आपल्याकडे फवारणीचा काळ आणि झडीचाही. घरात, गोठ्यात, पंपाच्या बाजूला रबरी मोजे टांगलेले असतात. घाईत हात तिकडंच जातो. कृपा करून तो मोह टाळा. औषध मोज्याच्या बाहेरून लागलेलं असतं, काढता-घालताना आतही जातं. पावसानं भिजलेली, घामेजलेली कातडी ते सहज शोषते. वर त्याच मोज्यानं आपण तोंडावरचं पाणी पुसतो, मागं बसलेल्या पोराचा हात धरतो. 2017च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं 20हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीचे मोजे फवारणीलाच. गाडीचे मोजे वेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे अंधारातही चूक होणार नाही.

पन्नीचं काय?

निघता निघता आभाळ भरून आलं आणि जवळ काहीच नसलं, तर लोक हातावर पन्नी बांधतात. मीही बांधली आहे. पण नुसती पन्नी मुठीवर घातली तर ती घसरते, वाऱ्यानं फडफडते आणि ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकते. बांधायचीच असेल तर मोज्याच्या आत, हाताला लागून बांधा आणि वरून मोजा चढवा. मनगटाला रबर आवळू नका. ओढणी किंवा दुपट्टा हाताला गुंडाळण्याची सवय तायांनी सोडावी. तो भिजतो, सुटतो, आणि सुटलेलं टोक चाकात गेलं तर काय होतं ते सांगायला नको.

बाही आत की मोजा आत?

साधा प्रश्न, पण निम्मे लोक इथंच भिजतात. आपल्या रोजच्या गाड्यांवर आपण सरळ बसतो, खांदा वर आणि मूठ खाली असते. म्हणजे रेनकोटवरचं पाणी बाहीवरून मनगटाकडे ओघळतं. मोज्याचं तोंड बाहीच्या वर असेल तर ते सगळं पाणी नाल्यासारखं मोज्यात उतरतं. म्हणून मोजा आत, बाही वर. कौलाचं पाणी कसं खालच्या कौलावर पडतं, तसं. आणि शर्टाची सुती बाही मोज्याच्या आत राहू देऊ नका, ती वातीसारखं पाणी आत ओढते. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडून मग रेनकोट घाला.

रोज पहाटे निघणाऱ्यांसाठी

दूधवाले, पेपरवाले, भाजी घेऊन जाणारे यांनी हँडलला कव्हर बसवावं. उत्तरेकडे थंडीत हे सर्रास दिसतं. आपल्याकडे सीट कव्हर शिवणारा कोणीही कारागीर रेक्झिनचं शिवून देईल. आत हात घातला की पाऊस आणि वारा दोन्ही बाहेर. पण शिवून घेताना चार गोष्टी त्याच्यासमोरच तपासा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कुठंही ओढ बसता कामा नये. रेस देऊन सोडा, मूठ आपोआप मागं आली पाहिजे. ब्रेक आणि क्लच शेवटपर्यंत दाबून पाहा. आणि डोळे मिटून हात झटकन बाहेर काढून पाहा. पडताना हात कव्हरात अडकला तर मनगट मोडेल, म्हणून तोंड ऐसपैस ठेवा आणि हाताला बांधायची दोरी ठेवू नका. कव्हरातून बटणं दिसत नाहीत, म्हणून इंडिकेटर आणि हॉर्न चाचपून सापडतात का, हे गावातल्या गावात दोन दिवस चालवून बघा आणि मगच हायवेला लागा.

परदेशात विजेवर तापणाऱ्या मुठी असतात. आपल्या शंभर सीसीच्या गाड्यांच्या बॅटरीला तो भार झेपणारा नाही. तो नाद नको.

गाडीकडेही पाहा

थकलेल्या हाताला गारठा लवकर धरतो. क्लचची वायर कोरडी पडून जड झाली असेल तर तिला तेल द्या. लिव्हर बोटांपासून फार लांब असतील तर मेकॅनिककडून जवळ करून घ्या. मुठींचं रबर झिजून काचेसारखं झालं असेल तर बदला. त्याला जास्त पैसे लागत नाहीत आणि ओल्या हाताला त्याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. पाण्यातून गेल्यावर, मागं कोणी नाही हे पाहून, ब्रेक हलके दोन-तीनदा दाबून सुकवा.

काचेवरचं पाणी पुसायला एक जुना उपाय आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून डाव्या मोज्याच्या तर्जनीवर शिवून घ्या. हेल्मेटच्या काचेवरून ती एकदा फिरवली की समोरचं दिसतं. डाव्याच हाताला शिवा, उजवा रेसवर असतो.

बोटं बधिर झालीच तर

थांबा. झाडाखाली नाही, एखाद्या एसटीच्या थांब्यात किंवा पेट्रोल पंपाच्या छपराखाली. दोन्ही हात बाजूला पसरून गोफण फिरवतो तसे वीस-पंचवीस वेळा जोरात गोल फिरवा. रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं. मग हात काखेत धरा. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसा.

एक गोष्ट अजिबात करू नका. गरम सायलेन्सरवर किंवा इंजिनवर हात शेकू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही, कळतो तेव्हा कातडी गेलेली असते. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी, कारण त्यांच्या बोटांची जाणीव आधीच मंदावलेली असू शकते. आणि थोड्याशा गारठ्यानंही बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होत असतील, तर ते साधं काकडणं नाही. डॉक्टरांना दाखवा.

घरी आल्यावर मोजे उलटे करून वाऱ्यावर टांगा. आत कागदाचे बोळे कोंबले की लवकर सुकतात. चुलीजवळ, गॅसजवळ ठेवू नका, चामडं कडक होतं आणि रबर चिरतं. ओले मोजे रोज घातले तर बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. ती झाली की माणूस मोज्यांनाच दोष देतो.

लोक हसतील

हसतील. पहिल्या दिवशी मी पिवळे रबरी मोजे घालून हायवेवरच्या आपल्या मोठ्या मारुतीच्या मूर्तीसमोर थांबलो, तर ओळखीचा एक जण म्हणाला, "काय भाऊ, ऑपरेशन करून राहिले काय? का भांडे घासाले चालले?" मी म्हटलं, हो, दोन्ही करतो. पुढच्या आठवड्यात झड लागली. तिसऱ्या दिवशी त्यानंच हळूच विचारलं, "कुठून घेतले हो ते?"

तेव्हा मृग लागायच्या आत एवढं करा. स्वतःसाठी एक बाहेरचा मोजा आणि आतल्या दोन जोड्या घ्या. घरून निघण्याआधी मोजे घालून गाडीची किल्ली लावून पाहा, इंडिकेटर लावून पाहा, ब्रेक दहा वेळा दाबून पाहा. किल्ली लागली नाही तर मोजा बदला. मागं बायको किंवा पोरगं बसणार असेल तर त्यांनाही घाला. धरून बसणारे हात त्यांचेही असतात.

आणि तुमच्या दारात पहाटे दूध येत असेल, तर मोज्यांची एक जोडी जास्तीची घ्या. पहिल्या पावसाच्या दिवशी दूध घेताना ती दूधवाल्याच्या हातात द्या, आणि त्याचे हात किती गार आहेत ते तेवढ्या निमित्तानं कळू द्या.